बेवारस पुस्तके : हक्क, नोंद आणि मृत्यूचे वर्ष

जुने मराठी पुस्तक उघडले की नामपृष्ठाच्या मागच्या बाजूला 'सर्व हक्क स्वाधीन' हे तीन शब्द बहुधा आढळतात. समजा, पुस्तक साठ-सत्तर वर्षांपूर्वीचे आहे. प्रकाशनसंस्था केव्हाच बंद पडली आहे. मुद्रणालय होते तिथे आता दुसरीच इमारत आहे. लेखकाचे नाव एकाही वाङ्मयेतिहासात नाही आणि पुस्तकाची प्रत एखाद्या नगरवाचनालयाच्या मागच्या खोलीत तेवढी उरली आहे. असे पुस्तक एखाद्या अभ्यासकाला मोलाचे वाटले आणि ते पुन्हा छापावे, असे त्याच्या मनात आले, तर त्याने परवानगी कोणाकडे मागायची? हक्क 'स्वाधीन' आहेत हे खरे. पण कोणाच्या, हे सांगणारे कोणी उरलेले नाही.

इंग्रजीत अशा कृतींना 'अनाथ' म्हणण्याचा प्रघात गेल्या काही दशकांत पडला आहे. मला आपला 'बेवारस' हा शब्द अधिक नेमका वाटतो. अनाथाला आईबाप नसतात. या पुस्तकांना तर लेखक आहे, पुष्कळदा त्याचे नावही ठसठशीत छापलेले आहे. हरवला आहे तो वारस. पण इथेही एक फरक ध्यानात ठेवला पाहिजे. वारस मुळीच नाही असे ठरले, तर जमीनजुमला सरकारजमा होतो आणि प्रश्न मिटतो. पुस्तकाच्या बाबतीत वारस नाही असेही कोणी सिद्ध करू शकत नाही आणि तो अमुक आहे असेही दाखवू शकत नाही. हक्क जिवंत राहतो, हक्कदार तेवढा दिसेनासा होतो.

हा प्रश्न वकिलांचा आहे, साहित्याच्या विद्यार्थ्यांनी त्यात कशाला पडावे, असे वाटणे साहजिक आहे. पण स्वामित्वहक्काच्या कायद्याचा तीनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. पुस्तके बेवारस होतात ती केवळ काळाच्या ओघात नव्हे. कायद्याने एका विशिष्ट टप्प्यावर केलेल्या निवडीमुळे ती तशी होतात. आणि त्या निवडीचा भार सर्वांत जास्त पडतो तो वाङ्मयेतिहासाने आधीच विसरलेल्या लेखकांवर.

आरंभ १७१० साली इंग्लंडमध्ये झाला. राणी अ‍ॅनच्या कारकिर्दीतील त्या कायद्याने ग्रंथावरील हक्क पहिल्यांदा लेखकाचा मानला आणि त्याला मुदत घातली. नव्या पुस्तकाला प्रकाशनापासून चौदा वर्षे, आणि ती सरताना लेखक हयात असेल तर आणखी चौदा. या हक्काच्या आधारे दंड वसूल करायचा, तर पुस्तकाचे नाव लंडनच्या ग्रंथविक्रेत्यांच्या संघाच्या नोंदवहीत आधी चढलेले असावे लागे. ती वही कोणालाही विनामूल्य पाहता यावी, असेही कायद्यातच लिहिले होते. म्हणजे हक्क कोणाचा आणि कधीपर्यंत, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे वहीत आणि पुस्तकाच्या छपाईच्या वर्षात बव्हंशी मिळत. विक्रेत्यांनी आपला हक्क कायमचा आहे असे भांडून पाहिले; पण टॉमसन या कवीच्या ऋतुवर्णनपर काव्यावरून उद्भवलेल्या खटल्यात १७७४ मध्ये उमरावांच्या सभेने तो दावा फेटाळला. ठरलेली मुदत संपली की पुस्तक सर्वांचे, हे तत्त्व तेव्हा पक्के झाले.

पुढे मुदत वाढत गेली आणि तिचे मोजमापही बदलू लागले. १८४१ मध्ये लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे हक्क चालावा, असे विधेयक टॅलफर्ड यांनी पार्लमेंटात आणले तेव्हा त्याला कडाडून विरोध केला तो मेकॉले यांनी. आपल्याकडे मेकॉले आठवतात ते १८३५ च्या शिक्षणविषयक टिपणामुळे. पण हिंदुस्थानातून परतल्यावर तीन वर्षांनी केलेले हे भाषण साहित्याच्या अभ्यासकांनी मुद्दाम वाचावे असे आहे. स्वामित्वहक्क म्हणजे लेखकाला मोबदला मिळावा म्हणून वाचकांवर बसवलेला कर, अशी त्यांची भूमिका होती. कर आवश्यक असेल, पण तो गरजेपेक्षा एक दिवसही जास्त चालू नये. लेखक मेल्यानंतर हक्क ज्यांच्या हाती जातो त्यांना त्या ग्रंथाविषयी आस्था असेलच असे नाही, हा त्यांचा दुसरा मुद्दा. रिचर्डसनच्या कादंबऱ्या कादंबरीवाचनच निषिद्ध मानणाऱ्या नातवाच्या हाती पडल्या, किंवा बॉझवेलने लिहिलेले जॉन्सनचे चरित्र घराण्याला लाज आणणारे आहे असे मानणाऱ्या त्याच्या मुलाने ते दडपले, तर वाङ्मयाचे किती नुकसान होईल, असे त्यांनी विचारले.

टॅलफर्डचे विधेयक त्या वेळी बारगळले. १८४२ च्या कायद्यात तडजोड झाली ती अशी: प्रकाशनापासून बेचाळीस वर्षे किंवा लेखकाच्या मृत्यूनंतर सात वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल ती. मेकॉलेंना भीती होती ती 'नाही' म्हणणाऱ्या वारसाची. 'हो' किंवा 'नाही' म्हणायलाच कोणी सापडणार नाही, अशी पाळी येईल, हे त्यांच्याही ध्यानात आलेले दिसत नाही. तेव्हा ते येण्याचे कारणही नव्हते, कारण मृत्यूनंतरची सात वर्षे म्हणजे फार काळ नव्हे. मित्रमंडळी, प्रकाशक, विधवा, मुले सगळी आसपासच असतात.

हाच नमुना पुढे ठेवून कंपनी सरकारने १८४७ मध्ये हिंदुस्थानासाठी विसावा कायदा केला. मुदत तीच, सरकारी नोंदवहीची सोय होती, आणि नोंद केल्यावाचून दावा लावता येत नसे. वाङ्मयाच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा ठरला तो १८६७ चा पंचविसावा कायदा, म्हणजे छापखाने आणि पुस्तकांची नोंद यांविषयीचा. सत्तावन्नच्या उठावानंतर देशी भाषांत काय छापले जाते यावर राज्यकर्त्यांना नजर ठेवायची होती, हे त्यामागचे एक उघड कारण. हेतू कसाही असो, फळ मात्र अभ्यासकांना मिळाले. छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारात द्याव्या लागत आणि त्यावरून प्रत्येक इलाख्यात एक सूची ठेवली जाई. पुस्तकाचे नाव, भाषा, कर्ता, विषय, छपाईचे ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पाने, आकार, आवृत्ती, प्रतींची संख्या, शिळाछाप की टाइपाने छापलेले, किंमत, असे रकाने तीत असत. शेवटचा रकाना आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत मोलाचा: स्वामित्वहक्काच्या मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण. दर तिमाहीला ही सूची सरकारी गॅझेटात प्रसिद्ध होई. शिवाय या सूचीतली नोंद ही १८४७ च्या कायद्याखालील हक्काच्या वहीतली नोंदच समजावी, अशीही तरतूद होती. थोडक्यात, एकोणिसाव्या शतकातल्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांत मराठी पुस्तकाचा मालक कोण आणि राहतो कुठे हे शोधायला निदान एक सरकारी दार होते.

हे दार बंद झाले ते एका चांगल्या हेतूने. युरोपातल्या राष्ट्रांनी १८८६ मध्ये बर्न येथे एकमेकांच्या लेखकांचे हक्क मानण्याचा करार केला. १९०८ मध्ये बर्लिनला तो सुधारला गेला तेव्हा असे ठरले की, हक्काचा उपभोग कोणत्याही औपचारिकतेवर अवलंबून ठेवू नये. नोंद नको, ठसा नको, अर्ज नको. लेखकाने लिहिले की हक्क आपोआप जन्माला आला. त्यामागची न्यायबुद्धी नाकारता येणार नाही. परक्या देशातल्या कचेरीत नोंद करणे प्रत्येकाला कसे जमावे? एका कारकुनाच्या चुकीने किंवा दोन रुपयांच्या फीअभावी लेखकाने आयुष्यभराचे श्रम का गमवावेत? मुदतीचा हिशेबही बदलला. प्रकाशनाचे वर्ष मागे पडले आणि लेखकाचे आयुष्य अधिक पन्नास वर्षे, हे माप पुढे आले. ब्रिटनने १९११ मध्ये हे स्वीकारले, आणि १९१४ च्या कायद्याने ते हिंदुस्थानात आले. त्याच वेळी १८६७ च्या सूचीचा हक्काच्या नोंदीशी असलेला संबंधही तोडून टाकण्यात आला. मालकाच्या नावापत्त्याचा रकाना कायद्यात तसाच राहिला, पण त्यातला कायदेशीर अर्थ निघून गेला.

या दोन बदलांचा एकत्रित परिणाम काय झाला, तो नीट पाहिला पाहिजे. पूर्वी पुस्तकाची स्थिती कळायला मुख्यतः पुस्तकच पुरे होई. छपाईचे वर्ष त्याच्यावर असते. आता ती कळायला लेखकाच्या मृत्यूचे वर्ष लागते, आणि ते कोणत्याही पुस्तकावर छापलेले असणे शक्य नाही. कायद्याचा प्रश्न चरित्राचा प्रश्न होऊन बसला. ज्यांची चरित्रे लिहिली गेली त्यांचा हिशेब सोपा. साने गुरुजी ११ जून १९५० रोजी गेले हे सर्वांना ठाऊक आहे; म्हणून २०११ च्या पहिल्या दिवसापासून 'श्यामची आई' कोणीही छापू शकतो, आणि अनेकांनी ती छापली. ज्यांचे चरित्र लिहिण्याची कोणाला गरज वाटली नाही, त्यांचे काय?

एक उदाहरण घेऊ. ताराबाई शिंदे यांचे 'स्त्रीपुरुषतुलना' १८८२ मध्ये पुण्यात छापले गेले. सुरतेच्या विजयालक्ष्मी या तरुण विधवेच्या खटल्याने संतापून बुलढाण्याच्या या बाईंनी ते लिहिले होते. जोतीराव फुल्यांनी त्याची बाजू घेतली, पण पुढे पुस्तक विस्मृतीत गेले. ते परत वाचकांपुढे आले ते १९७५ मध्ये, स. गं. मालशे यांनी पुन्हा प्रसिद्ध केल्यामुळे. आज स्त्रीवादी विचाराचा मराठीतला आरंभ सांगताना या पुस्तकावाचून पुढे जाता येत नाही. आता कायद्याचा हिशेब करून पाहा. १८८२ च्या नियमाने हक्क निदान १९२४ पर्यंत होता. तो संपण्याआधी १९१४ चा कायदा आला आणि मुदत झाली मृत्यूनंतर पन्नास वर्षे. म्हणजे १९७५ ची आवृत्ती कोणाच्याही परवानगीवाचून काढता यावी, यासाठी ताराबाई १९२४ संपण्यापूर्वी वारलेल्या असायला हव्यात. त्यांची म्हणून १८५० आणि १९१० ही वर्षे दिली जातात, पण ती अंदाजाची. त्या १९१० च्या सुमारास गेल्या असतील, तर प्रश्नच नाही. त्या पंचाहत्तरी ओलांडून जगल्या असत्या, तर मराठीतल्या एका अत्यंत महत्त्वाच्या ग्रंथाचे पुनरुज्जीवन कायद्याच्या काटेकोर भाषेत उल्लंघन ठरले असते. आणि हे निश्चितपणे सांगू शकेल असा कागद कुठे आहे? ताराबाईंच्या घरी वहीत, चुलत घराण्याच्या वंशावळीत, की कुठेच नाही?

याच १८८२ सालातल्या दुसऱ्या एका पुस्तकाशी तुलना केली, तर या नियमातली विसंगती अधिकच जाणवते. 'सीमंतनी उपदेश' हे हिंदी पुस्तक लिहिणारीने स्वतःचे नाव दिलेच नव्हते. 'एक अज्ञात हिंदू औरत' एवढीच तिची ओळख. डॉ. धर्मवीर यांनी १९८८ मध्ये ते पुन्हा प्रकाशात आणले. निनावी पुस्तकाला मृत्यूचे वर्ष लावता येत नाही, म्हणून १९५७ चा कायदा त्याची मुदत प्रकाशनाच्या वर्षापासून मोजतो. सबब जिने नाव लपवले तिचे पुस्तक केव्हा मोकळे झाले, हे नामपृष्ठावरून कोणीही सांगेल. आणि जिने धीटपणे नाव छापले तिच्या पुस्तकासाठी अंदाज बांधत बसावे लागेल. नाव असून चरित्र नसणे, ही कायद्याच्या दृष्टीने सर्वांत अडचणीची अवस्था आहे. आणि एकोणिसाव्या-विसाव्या शतकांतले बहुतेक दुय्यम मानलेले लेखक, विशेषतः स्त्रिया, शाहीर, तालुक्याच्या गावी राहून लिहिणारे शिक्षक, याच अवस्थेत आहेत.

१९११ च्या कायद्याने एक पळवाट नव्हे, तर सुज्ञ वाट ठेवली होती. लेखकाच्या मृत्यूनंतर पंचवीस वर्षे उलटली की रीतसर नोटीस देऊन आणि किंमतीच्या दहा टक्के मानधन देऊन कोणालाही पुस्तक छापता येई. हक्काचा मोबदला कायम राही, मनाई मात्र उरत नसे. १९१४ पासून ही तरतूद आपल्याकडेही होती. स्वतंत्र भारताने १९५७ मध्ये स्वतःचा कायदा केला, त्यात ती राहिली नाही.

त्यानंतरची एक घटना मला या विषयात फार बोलकी वाटते. रवींद्रनाथ ठाकूर १९४१ मध्ये निवर्तले. त्यांच्या ग्रंथांवरचा हक्क १९९१ अखेर संपत होता आणि तो विश्वभारतीकडे होता. तो आणखी काही काळ राहावा, या मागणीवरून १९९१ च्या डिसेंबरअखेर अध्यादेश निघाला, आणि १९९२ च्या दुरुस्तीने मुदत पन्नासाची साठ वर्षे झाली. ज्याचा मालक साऱ्या जगाला माहीत होता अशा एका कविश्रेष्ठासाठी कायदा बदलला. पण तो बदलला सगळ्यांसाठी. १९४१ आणि त्यानंतर वारलेल्या प्रत्येक भारतीय लेखकाचे पुस्तक आणखी दहा वर्षे बंद राहिले, मग त्याचा वारस विश्वभारतीसारखा जागरूक असो की अस्तित्वातच नसो. ज्याचे नाव राहिले त्याच्या सोयीने ज्याचे नाव राहिले नाही त्याचे भवितव्य ठरले.

अमेरिकेने औपचारिकतेची चौकट फार उशिरापर्यंत सोडली नव्हती, म्हणून तिथला अनुभव तुलनेसाठी उपयोगी पडतो. १९०९ च्या त्यांच्या कायद्यात अठ्ठावीस वर्षांचा हक्क होता आणि अर्ज केला तर आणखी अठ्ठावीस. कॉपीराइट कार्यालयाने १९६० च्या सुमारास केलेल्या पाहणीत असे दिसले की, पुस्तकांच्या बाबतीत नूतनीकरणाचा अर्ज शंभरातल्या सातांच्या आसपासच येतो. बाकीच्यांच्या मालकांना हक्क राखण्याचे काही वाटत नव्हते, किंवा ते उरले नव्हते. आणि ती पुस्तके आपोआप सर्वांची होत. १९७६ च्या कायद्याने नव्या पुस्तकांपुरती ही चाळणी काढून टाकली. त्यानंतर तीस वर्षांच्या आतच, २००६ मध्ये, त्याच कार्यालयाला बेवारस कृतींवर स्वतंत्र अहवाल लिहावा लागला. २००८ मध्ये त्यावरचे विधेयक सीनेटमध्ये मंजूर झाले, पण दुसऱ्या सभागृहात अडकले. गूगलने लाखो पुस्तके स्कॅन केल्यावर लेखक-प्रकाशकांशी जी तडजोड केली होती, तीही २०११ मध्ये न्यायालयाने फेटाळली. त्यातला एक मोठा आक्षेप असा की, न सापडणाऱ्या मालकांच्या वतीने तडजोड करण्याचा अधिकार कोणाला?

पण मालक 'सापडत नाही' असे म्हणण्याआधी तो किती शोधला, हेही विचारले पाहिजे. २०११ मध्ये मिशिगन विद्यापीठ आणि हाथीट्रस्ट यांनी आपल्या मते बेवारस असलेल्या पुस्तकांची यादी जाहीर केली. त्यानंतर लेखकसंघाने दाखवून दिले की, यादीतल्या 'द लॉस्ट कंट्री' या १९५८ च्या कादंबरीचे लेखक जे. आर. सलामांका हयात आहेत. त्या कादंबरीवरून तर एल्विस प्रेस्लीचा चित्रपटही निघाला होता. योजना थांबवावी लागली. यातला धडा दुहेरी आहे. बेवारसपणा हा पुष्कळदा पुस्तकाचा गुण नसतो, शोधणाऱ्याच्या आळसाचा असतो. आणि ज्यांच्याकडे ग्रंथपाल, पैसा आणि यंत्रे आहेत त्यांचा शोध असा फसतो, तर आपल्या एकट्यादुकट्या संशोधकाचे काय होईल? युरोपीय संघाने २०१२ च्या निर्देशात आणि ब्रिटनने २०१४ मध्ये सुरू केलेल्या परवाना योजनेत प्रामाणिक, कसून केलेला शोध ही पहिली अट ठेवली, ती उगाच नव्हे.

आपल्या कायद्यात या प्रश्नाला उत्तर आहे ते कलम ३१-अ मध्ये. १९८३ च्या दुरुस्तीने ते आले तेव्हा अप्रकाशित लेखनापुरतेच होते. २०१२ मध्ये लोकांपासून दूर राहिलेल्या प्रकाशित कृतीही त्यात घेतल्या गेल्या. लेखक मृत किंवा अज्ञात असेल, त्याचा माग लागत नसेल, किंवा हक्काचा मालक सापडत नसेल, तर परवान्यासाठी अर्ज करता येतो. मानधनाची रक्कम ठरवली जाते आणि ती सरकारी खात्यात ठेवायची असते, म्हणजे वारस पुढे आला तर त्याला ती मागता येईल. मूळ कल्पना १९११ च्या त्या सुज्ञ वाटेच्या जवळची आहे. अडचण तपशिलात आहे. अर्ज करण्याआधी आपला मनोदय देशाच्या बहुतांश भागात खपणाऱ्या एका इंग्रजी दैनिकात जाहीर करावा लागतो. पुस्तक भाषांतर करून काढायचे असेल, तरच त्या भाषेतल्या दैनिकाचीही अट आहे. मराठी पुस्तक मराठीतच पुन्हा छापायचे असेल, तर मराठी वर्तमानपत्रात एक ओळही देण्याची सक्ती नाही. ज्या लेखकाचे नातवंड कोल्हापुरात किंवा वर्ध्यात मराठी दैनिक वाचत बसले आहे, त्याचा शोध इंग्रजी वृत्तपत्रात घ्यायचा! अर्ज करायचा कुठे, हेही बदलत गेले. आधी कॉपीराइट मंडळ होते, मग २०१७ मध्ये ते काम दुसऱ्या अपील मंडळाकडे गेले, २०२१ मध्ये तेही मंडळ बरखास्त होऊन असे अर्ज न्यायालयांकडे गेले. तीनशे प्रतींची आवृत्ती काढू पाहणारा तालुक्याचा प्रकाशक न्यायालयाची पायरी चढेल, अशी अपेक्षा धरणे कठीण आहे. तो सरळ दुसरे पुस्तक निवडतो, आणि ते बहुधा आधीच दहा जणांनी छापलेले असते.

नियतकालिकांची गत याहून बिकट आहे. एका दिवाळी अंकात तीस-चाळीस जणांचे लेखन असते, शिवाय चित्रकार आणि छायाचित्रकार निराळे. साठच्या दशकातल्या अनियतकालिकांचे संपूर्ण अंक पुन्हा छापायचे, तर तितक्या घरांची दारे ठोठवावी लागतील. पत्रसंग्रहातही पत्राचा कागद ज्याच्या घरी आहे त्याचा हक्क नसतो, तो लिहिणाऱ्याचा आणि त्याच्या वारसांचा असतो. लेखकाच्या हयातीत प्रकाशितच न झालेल्या लेखनाची मुदत तर प्रकाशनापासून मोजली जाते. म्हणजे ट्रंकेत पडलेल्या रोजनिशीची मुदत सुरूच होत नाही. सार्वजनिक ग्रंथालयात किंवा संग्रहालयात ठेवलेल्या अशा लेखनापुरती कायद्याने थोडी सवलत दिली आहे. मात्र ज्ञात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे उलटलेली असावी लागतात. पुन्हा प्रश्न येतो तो मृत्यूच्या वर्षापाशीच. त्यात आपल्याकडे पुस्तकाचा हक्क पत्नीच्या नावे ठेवण्याची जुनी प्रथा. हक्काच्या ओळीत 'सौ.' आणि पुढे एक पहिले नाव एवढेच असले, की पन्नास वर्षांनी त्या बाईंचा माग कोणत्या आडनावाने काढायचा?

इतके सारे पाहिल्यावर जुनी सक्तीची नोंद परत आणावी, असे मी म्हणणार नाही. बुलढाण्याच्या ताराबाईंना पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांची वाट कोण दाखवणार होते? नोंद केली नाही म्हणून त्यांचा हक्क बुडाला असता, तर तोही अन्यायच. बर्लिनला जमलेल्यांची न्यायबुद्धी खोटी नव्हती. चूक झाली ती एवढीच की, हक्क आपोआप मिळावा हे ठरवताना हक्कदाराची माहितीही आपोआप मिळत राहील, असे गृहीत धरले गेले. ती तशी मिळत नाही. कोणीतरी ती नोंदवून ठेवावी लागते. मराठीत हे काम शंकर गणेश दाते यांनी 'मराठी ग्रंथसूची'त केले, गं. दे. खानोलकरांनी 'अर्वाचीन मराठी वाङ्मयसेवक'च्या खंडांत केले, सिद्धेश्वरशास्त्री चित्राव यांनी चरित्रकोशात केले. सूचीकाराचे आणि कोशकाराचे काम आपल्या विद्यापीठांत दुय्यम मानले जाते. पण एका अप्रसिद्ध लेखकाच्या मृत्यूचे वर्ष शोधून छापणारा माणूस त्याच्या सगळ्या पुस्तकांचे कुलूप कधी निघेल हे सांगून जातो, याची जाणीव आपल्याला असत नाही.

१८६७ चा तो कायदाही आता राहिलेला नाही. २०२३ मध्ये त्याच्या जागी नवा कायदा झाला, तो १ मार्च २०२४ पासून अमलात आला, आणि तो केवळ नियतकालिकांपुरता आहे. पुस्तके त्यातून वगळली गेली. पुस्तकांच्या प्रती मोठ्या ग्रंथालयांना देण्याचा १९५४ चा कायदा वेगळा आहे आणि तो आहे. पण मालकाचे नाव आणि राहण्याचे ठिकाण विचारणारा तो जुना, निरुपयोगी झालेला रकाना कायद्याच्या पुस्तकातूनही गेला. परक्या सरकारने संशयापोटी विचारलेला प्रश्न आपण आस्थेपोटी चालू ठेवू शकलो असतो.

एम.ए.च्या आणि संशोधनाच्या विद्यार्थ्यांना प्रसिद्ध लेखकांवरचे विषय देताना हे स्मरावे, अशी माझी शिक्षकांना विनंती आहे. एखाद्या तालुक्यातल्या दहा विस्मृत लेखकांची जन्ममृत्यूची वर्षे, नोकरीची ठिकाणे, वारसांचे पत्ते, प्रकाशकांशी झालेले करार एवढे जरी एका विद्यार्थ्याने नगरपालिकेच्या मृत्यूनोंदी, शाळांचे दाखले आणि घरोघरच्या गाठीभेटी यांतून जमवले, तरी तो प्रबंध कोणत्याही 'एक अभ्यास'पेक्षा अधिक काळ वापरला जाईल. हे काम पुढे ढकलण्यासारखे नाही, कारण ज्यांना आजोबा-आजी कधी गेले हे आठवते त्यांचीही वये झाली आहेत. आणि आज लिहिणाऱ्यांनी आपल्या पुस्तकावर 'सर्व हक्क स्वाधीन' छापताना ते कोणाच्या स्वाधीन, आणि आपल्या मागे विचारायचे कोणाला, हे दोन ओळींत लिहून ठेवायला काय हरकत आहे?